डब्याची चाकं

माझे थोरले दीर, मानाजी भावजी, यांच्याबरोबर प्रवास करायचा म्हणजे डोक्याला ताप. दहा-पंधरा किलोमीटर झाले की जीप बाजूला. उतरणार, मागे जोडलेल्या डब्यापाशी उकिडवे बसणार आणि चाकाच्या मधोमध तळहात टेकवून डोळे मिटणार. मागून ट्रकवाले "ओ भिया" करून ओरडताहेत, यांचं आपलं चाललंय. मला तर वाटायचं उतरून पायी जावं.

डबा म्हणजे चाकांवरची खोली. भावजींनी देवासच्या एका कारखान्यात जन्मभर फिटरकी केली आणि रिटायर झाल्यावर स्वतः वेल्डिंग करून तो बांधला. आत पलंग, गॅसची शेगडी आणि कमोड. त्या कमोडासाठीच सगळा खटाटोप. आमच्या जाऊबाईंना, जमुनाबाईंना, गुडघ्यांमुळे धर्मशाळेत खाली बसता येत नाही, आणि दर अमावास्येला नेमावरला नर्मदेवर तर जायचंच असतं.

त्या जातात हेच नवल. त्यांचा धाकटा मुलगा, यशराज, मोटरसायकलवरून जाताना ट्रकखाली गेला, तेव्हापासून त्यांनी घराचा उंबरा ओलांडला नव्हता. गाडी म्हटली की हातपाय गार पडायचे. डबा तयार झाला आणि एके दिवशी स्वतःहून म्हणाल्या, नर्मदामैयाकडे नेत असाल तर बसते. भावजी मागच्या अंगणात जाऊन रडले. मी पाहिलं, पण कोणाला बोलले नाही.

आणि मेल्या डब्याने काय करावं? धारला भावजींच्या लेकीकडे, कृतिकाकडे, जाऊन आला, कुरकुर नाही. बागली गावी लग्नाला जाऊन आला, कुरकुर नाही. नेमावरहून परत निघाला की मात्र कन्नोदच्या आसपास चाकाचं बेअरिंग जळालंच म्हणून समजा. चाकाच्या पोटात ग्रीसने माखलेली पोलादी कडी असते, तिच्यावर चाक फिरतं, ते बेअरिंग. एकदा झालं, म्हटलं माल नकली असेल. नवं टाकलं, परत तेच. नट जास्त कसला गेला म्हणून ढिला केला, परत तेच. ग्रीस बदललं, माझ्या नवऱ्याने लिंबू-मिरची बांधली. मी म्हटलं, रस्त्यात खड्डे आहेत. तर तेच खड्डे जाताना पण असतात की! फिटर माणूस, पण भावजींची मतीच गुंग झाली होती. जेवताना घास हातात धरून बसायचे. मग माझ्यासारखीने काय समजायचं?

सगळ्यात वाईट म्हणजे जाऊबाईंनी आपला वेगळाच अर्थ लावला. मैयाला मी नको आहे, म्हणाल्या. आता एकदा जाऊन बघते, परत तसंच झालं तर पुन्हा घराबाहेर पडणार नाही. भाजी निवडता निवडता, अगदी शांतपणे म्हणाल्या. मला इतका राग आला! मैयाचा, डब्याचा, सगळ्यांचाच.

म्हणून त्या अमावास्येला मी पण बरोबर गेले. मला बेअरिंगमधलं ओ की ठो कळत नाही, पण घरी बसून जीव टांगणीला लावण्यापेक्षा बरं.

नेमावरला पोचल्या पोचल्या भावजींनी जीप उलटी घेतली आणि डबा उतारावरून थेट नदीत घातला, चाकं बुडेपर्यंत. हे काय आता? जाऊबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून ओंजळीने टायरांवर पाणी घालत होत्या. आधी चाकांचं स्नान, मग आपलं, दर वेळी असंच, म्हणाल्या. मैयात न्हालेल्या चाकांवर बसूनच त्या घरी परततात, नाही तर बसणार नाहीत. मी बघतच राहिले, कारण चाकाच्या मधून भराभर बुडबुडे निघत होते. भावजी पुढे स्टिअरिंगवर, त्यांना हे कधी दिसलेलंच नव्हतं.

जाऊबाई पूजेला बसल्या तेव्हा मी भावजींना ते सांगितलं. त्यांनी डबा पाण्याबाहेर काढून चाक उघडलं, तर आतल्या ग्रीसची पार लस्सी झालेली. इतकं अंतर पळून चाकाचं पोट तापतं, म्हणाले, आणि तसंच गार पाण्यात बुडवलं की पाणी आत ओढून घेतं. मग सांगून टाका ना वहिनींना, मी म्हटलं.

"काय सांगू? तुम्हीच सांगा, विनीताबाई. तुझ्या स्नानानेच चाक जळतं, हे सांगू? स्नान बंद केलं तर ती डब्यात बसणार नाही. चालू ठेवलं तर म्हणेल, मैयाला मी नको."

खरंच, काय सांगणार?

त्या वेळी त्यांनी गुपचूप पाणी पुसून नवं ग्रीस भरलं आणि आम्ही सुखरूप घरी आलो. जाऊबाईंनी साखर वाटली. पण दर वेळी त्यांच्यापासून लपून चाक कुठे उघडत बसणार? महिनाभर भावजी काहीतरी बोलायला तोंड उघडायचे आणि पाणी पिऊन उठायचे.

पुढच्या अमावास्येला घाटावर जाऊबाई पदर खोचून पाण्याकडे निघाल्या, आणि भावजी जीपमधून उतरून त्यांच्या आडवे आले. त्यांनी बायकोचा हात धरला आणि चाकाच्या मधोमध टेकवला.

"बघ, किती तापलंय. उन्हातून आलेल्या पोराला तू कधी लगेच न्हायला घातलंस का?"

पाणी घालायच्या, पण चाकाला हात म्हणून जाऊबाईंनी आजवर लावला नव्हता. मला वाटलं झटकन काढतील. नाही काढला. भावजींनी आतून स्टूल आणून दिलं, त्यावर त्या बसल्या. मी म्हटलं, चला, तोवर चहा घेऊन येऊ.

"तुम्ही जाऊन या. मी याच्यापाशी बसते."

आम्ही परत आलो तरी हात तिथेच होता. गार झालं का, मी विचारलं. घाई करू नकोस, म्हणाल्या.

"यशराज पण असाच तापून यायचा. मी त्याला धरून बसवायची, घाम वाळेपर्यंत."

तो गेल्यापासून त्याचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. भावजी चाकाच्या पलीकडे खाली बसले आणि त्यांनी पण आपला हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला.