ताणावर सोडलेलं झाड

तिगावला पॅसेंजरमधून उतरले तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. मोहगावच्या पलीकडे आमची संत्र्याची बाग आहे. बसने गेले असते तर चहाच्या वेळेला पोचले असते. पण मी शेतांमधल्या पांदणीने पायी निघाले, एकटी, आणि पाण्याची बाटली मुद्दाम घेतली नाही. वैशाखात असं चालणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पण बारा वर्षांची असताना वडिलांनी मला याच वाटेने, याच महिन्यात, बिनपाण्याचं चालवलं होतं. फक्त तेव्हा उलट्या दिशेने.

पहिल्या पावसावर फुलणारा मृग बहार घ्यायचा तर वैशाखात संत्र्याचं पाणी तोडतात. बाग ताणावर सोडली, म्हणतात. पानं वळतात, पिवळी पडतात, झाड मरायला टेकतं, आणि मग पाणी मिळालं की जिवाच्या भीतीने फुलतं. त्या वर्षी झोपडीसमोरच्या झाडाची मला दया आली. कोणी नाही असं पाहून मी त्याला तीन बादल्या पाणी घातलं. सकाळी वडिलांना ओलं आळं दिसलं. त्यांनी मारलं नाही. एवढंच म्हणाले, "झाडाले ताण सोसते, तुले काऊन नाही सोसत?" आणि मला तिगावला आत्याकडे धाडलं. वाटेत कोणाच्या दारात पाणी मागायचं नाही, मागितलं तर मला कळेल, असं बजावून. मी मागितलं नाही, कारण त्यांना खरंच कळेल असं मला वाटत होतं. आत्याच्या ओट्यावर पोचले तेव्हा कोरड्या घशाने मला तिला हाकही मारता येईना.

आता वडिलांच्या किडन्या गेल्यात. भाऊ त्यांना डायलिसिसला नागपूरला नेतो. दिवसाला अर्धी बाटली पाणी, वर थेंब नाही. मागे भावाने कळवळून तांब्याभर पाजलं, तर छातीत पाणी भरून ते जाता जाता वाचले. आज भाऊ-वहिनी सौंसरला लग्नाला जाणार होते आणि संध्याकाळपासून वडिलांवर पहारा माझा होता. ते मागतील, गयावया करतील, पण द्यायचं नाही, असं वहिनीने फोनवर दोनदा सांगितलं. मी हो म्हणाले. मला ते काम आवडलं, खोटं कशाला बोलू. ते मागतील तेव्हा काय म्हणायचं तेही ठरलं होतं. त्यांचंच वाक्य त्यांना परत द्यायचं आणि ती पोर त्यांना आठवते का ते बघायचं. दुसरं काही मला नको होतं.

दहानंतर ऊन डोक्यात शिरलं. नांगरून टाकलेली रानं, बांधावर कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीचे ढीग, सावलीला एखादी बाभूळ. लहानपणी ही वाट इतकी लांब नव्हती, की तेव्हा रडण्यात वेळ जात होता, कोण जाणे. दुपारी एका बागेत राखणीला बसलेल्या बाईने हाक मारली. "कुठं चालली माय उन्हाची? पानी पेऊन घे." तिच्या माठाला ओलं फडकं गुंडाळलेलं होतं. मी उपास आहे म्हणून सांगितलं. पाण्याचा कोणता उपास, असं तिने विचारलं आणि मी चालू लागले. पुढच्या वळणावर मला तिचा राग आला. तेव्हा कुठे होती ही बाई?

बागेत शिरले तेव्हा उन्हं कलली होती. यंदाही बाग ताणावर होती, पानं वळलेली. भाऊ-वहिनी तयारच होते, मोटारसायकलवर बसून गेले. वडिलांची बाटली उपडी घातलेली होती, म्हणजे आजचं पाणी संपलेलं. वडील अंगणात खाटेवर, त्या झाडाकडे तोंड करून पडले होते. ते म्हातारं झाड त्यांनी अजून तोडलेलं नाही.

मी रांजणातून तांब्या भरला आणि त्यांच्यासमोर उभी राहून गटागटा प्यायले. आत जाऊन पिता आलं असतं. माझ्या प्रत्येक घोटाला त्यांचा गळा हलत होता.

"मले बी दे. एकच घोट."

"झाडाले ताण सोसते, तुमाले काऊन नाही सोसत?"

त्यांनी तांब्याकडे हात केला. मग मी सगळं सांगितलं. बादल्या, आळं, ऊन, आत्याचा ओटा. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि झाडाकडे बोट केलं.

"हे झाड. त्या साली बहारच नाही धरला यानं. नुसता पाला. आठवते मले."

"आणि मी?"

"तू कवा गेली पायी?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा खोटं बोलतानाचा चेहरा मला ठाऊक आहे.

मी रांजणातून बादली भरली आणि झाडाच्या आळ्यात ओतली. तडकलेल्या मातीचा चरचर आवाज झाला. वडील कोपरावर उठू पाहत होते, त्यांना उठता येईना.

"नोको ओतू," ते म्हणाले, "बहार जाईन त्याचा." स्वतःसाठी घोट मागताना त्यांचा आवाज इतका काकुळतीला आला नव्हता.

मी दुसरी ओतली, मग तिसरी. तेव्हा तीनच घातल्या होत्या. मी चौथी भरायला गेले.