अकरावीचा रिकामा वर्ग

शेजारच्या मुग्धाला घरामागचंच कॉलेज हवं होतं. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात कॉम्प्युटरने तिला दोन बस बदलून जावं लागेल असं लांबचं कॉलेज दिलं. एखादी जागा सुटली असेल म्हणून कॉलेज सुरू झाल्यावर मी तिला घेऊन घरामागच्या कॉलेजात चौकशीला गेलो. ऑफिससमोरचा वर्ग उघडा होता. पंखे रिकाम्या बाकांना वारा घालत होते. बाकांवर धुळीचा थर.

"मुलं कुठायत?" मी शिपायाला विचारलं.

तो हसला. "ती सगळी क्लासला, साहेब. इथं परीक्षेपुरती येतात."

मला शिसारी आली. कॉम्प्युटर बिचारा मार्क बघतो, कुणाचा वशिला ऐकत नाही. त्याने केलेला न्याय आपण असा धुळीत लोळवतो, आणि प्राचार्यांपासून पालकांपर्यंत हे सगळ्यांना ठाऊक असतं. हजेरी मात्र रोज पूर्ण लागते. आपल्याला प्रवेश हवा असतो, वर्ग नको असतो.

मुग्धाने ओढणीने खिडकीजवळचं एक बाक पुसलं आणि ती गुपचूप त्यावर बसली.

"ऊठ गं पोरी," शिपाई म्हणाला, "ती जागा भरलीय."