सहा तारांचा पाट

दोष अप्पाकाकांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणी "पण नेमकं चुकलं कोण?" असं विचारत माझ्या मागे लागायला नको. अप्पाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. अमरावतीच्या कोर्टात वकील आणि आमच्या संगीत मंडळाचे कायमचे अध्यक्ष. त्यांना अध्यक्ष कोणी केलं, हे मंडळात कोणालाच आठवत नाही.

अशा मंडळात दोन-तीन वर्षं काढली की किस्से साठत जातात, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातल्या डब्यात स्क्रू साठतात तसे. कुठून निघाले ते सांगता येत नाही आणि फेकवतही नाहीत. मला एका जागी अर्धा तास बसवत नाही. डबा उपडा करतो आणि मोकळा होतो.

*

आमच्या मंडळात वाद्य आधी वाजवत नसत. आधी उघडत!

देवगुरुजी नावाचे पेटीचे मास्तर होते. अर्ध्या अमरावतीला त्यांनी सा रे ग म शिकवलं. त्यांच्या कोटाच्या खिशात कायम स्क्रू पिळायचा एक पेचकस असे. पेटी आली की उलटी करायची, फळी काढायची आणि आतल्या पितळी पट्ट्या डोळ्यांपाशी नेऊन बघायच्या. पट्ट्या जर्मनीच्या असल्या तर पेटी थोर. इथल्या असल्या तर पेटी "शिकाऊ पोरांसाठी ठीक".

एकदा गुरुकुंज मोझरीकडच्या एका खेड्यातले दोघं जण भजनाची पेटी घेऊन आले. गुरुजींनी ती उघडली आणि अर्धा तास त्यांचं तोंड बंद झालं नाही. "वा! हे सूर आता जर्मनीतसुद्धा मिळायचे नाहीत. हे सोनं आहे, सोनं!" काका मान डोलावत होते. चहा झाला, सुपारी झाली.

शेवटी त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "गुरुजी, ते सारं खरं हाय. पन दोन वर्सं झाले, पेटी वाजूनच नाही राहिली. भाता फाटला. तेवढा पाहता का?"

गुरुजींनी पेचकस खिशात घातला. म्हणाले, "भात्याचं मी पाहत नाही."

*

आता माझी गिटार.

वासू आमचा ढोलकवाला, चांदूरकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, माझ्याच वर्गातला. त्याचे भाऊजी जहाजावर नोकरीला. त्यांनी जपानहून एक इलेक्ट्रिक गिटार आणली. त्यांच्या घरात ती कोणालाच वाजवता येईना, तेव्हा वासूनं ती माझ्यासाठी मागून घेतली. बदल्यात मी माझी विलायती सायकल दिली. मॅट्रिक झालो म्हणून काकांनीच घेऊन दिलेली.

काकांनी गिटार फिरवून मागचा शिक्का वाचला. मेड इन जपान! काकांच्या डोक्यात जपान म्हणजे पत्र्याचा बेडूक. चावी दिली की चार उड्या, पाचवीला स्प्रिंग बाहेर. काकांचं घड्याळ स्वित्झर्लंडचं, पेन इंग्लंडचं, चष्म्याची फ्रेम जर्मनीची. पंधरा ऑगस्टला भाषण मात्र स्वदेशीवर!

"इंग्लंडची सायकल देऊन जपानचं खेळणं आणलं?"

"काका, हिचा आवाज..."

त्यांनी बोटाच्या पेरानं टकटक केलं. "अरे, हे तर भरीव आहे! आवाज कुठून निघणार?"

"विजेतून."

"मग लाकूड कशाला पाहिजे? विजेचा खांबच वाजव की!"

देवगुरुजी पेचकस घेऊन गिटारीभोवती दोनदा फिरले. उघडायला काहीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मत देता येईना. मग काकांनीच निकाल दिला. "हा जेवायला बसायचा पाट आहे. सहा तारा लावलेला."

वासू म्हणाला, "काका, पाट असन तर बसून दाखवा!"

त्या दिवशी वासूला चहा मिळाला नाही.

*

श्रावणात नागपूरचा एक ऑर्केस्ट्रा अमरावतीत आला होता. त्यांचे फ्रान्सिसमास्तर गिटार आणि व्हायोलिन दोन्ही वाजवत. मी गिटार घेऊन सरळ त्यांच्या लॉजवर गेलो.

त्यांनी शिक्का वाचलाच नाही. एकेक तार सैल केली, परत चढवली, जोरात ओढली आणि कान लावला. तार जिथल्या तिथे. मग वरच्या लोखंडी खुंट्या अंगठ्यानं हलवून पाहिल्या, खालच्या बाजूचा तारा थरथरवायचा दांडा दाबून सोडला. परत कान लावला. तरीही जिथल्या तिथे.

"कुठची आहे?" त्यांनी विचारलं.

मी लाजत म्हणालो, "जपानची."

"चंद्रावरची का असेना. सूर धरते ना? लाकूड हलकंच आहे, जपून वापर. पण खुंट्या उत्तम आहेत. यांना कोणाचा हात लागू देऊ नको."

मग मला तासभर वाजवायला लावलं. शेवटी म्हणाले, "माझा गिटारवाला लग्न करून इंदूरला चालला. दिवाळीनंतर आमचा अकोल्याला प्रोग्रॅम आहे. त्या दुपारी ये, सगळ्यांसोबत वाजव. जमलं तर तू आमचा. पण आम्ही वर्षातले आठ महिने फिरतीवर असतो. कॉलेज जमणार नाही."

मी म्हणालो, "सोडतो."

दुसऱ्याच दिवशी सोडलं. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. बाबा चार दिवस बोलले नाहीत. काका मात्र चारही दिवस बोलले.

*

गणपतीत आमचा कार्यक्रम होता. पाहुणे म्हणून जर्मनीत शिकून आलेले एक डॉक्टर येणार होते. काकांना घाम फुटला. अध्यक्षांच्या पुतण्याच्या हातात जपानी माल!

इतवाऱ्यात रहीमभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आमचा माइक, आमचा ॲम्प्लिफायर, सगळं त्यांच्या हातचं. काकांनी त्यांना गाठलं. रहीमभाईंकडे कुठल्याशा मोडीत निघालेल्या जर्मन मशीनवरची पितळी पट्टी पडून होती. वर दोन ओळी जर्मन मजकूर, खाली देशाचं नाव. ती त्यांनी गिटारीच्या पुढच्या बाजूला दोन स्क्रूंनी बसवून दिली. घासून-पुसून चकचकीत!

कार्यक्रम झाल्यावर काका मुद्दाम डॉक्टरांना माझ्याकडे घेऊन आले. "आमच्या शरदचं वाद्य पाहा. खास जर्मनीचं!"

डॉक्टरांनी चष्मा वर केला, वाकून पट्टी वाचली. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"अप्पासाहेब, यावर लिहिलंय की आठवड्यातून एकदा तेल घाला."

मी खाली बघितलं. वासू ढोलकाच्या मागे दिसेनासा झाला. काका मात्र कोर्टात बत्तीस वर्षं काढलेला माणूस! माझ्याकडे वळून ओरडले, "ऐकलंस? मग घालत का नाहीस?"

*

दसऱ्यानंतर अकोल्याला एका शेटजींच्या जिनिंग फॅक्टरीच्या आवारात आमचा प्रोग्रॅम ठरला. कापसाच्या गाड्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. समोर दोनशे-तीनशे शेतकरी, गाड्या हाकणारे धुरकरी, हमाल. संध्याकाळची वेळ. मी गिटारीवर एक धून सुरू केली. एरवी ती वाजवताना माझेच केस उभे राहतात.

अर्ध्यात ॲम्प्लिफायर खरखरला आणि त्यातून एक बाई स्पष्ट आवाजात बोलू लागली. रेडिओ! रहीमभाईंनी ॲम्प्लिफायर जुन्या रेडिओतूनच बनवला होता, त्यानं आपला जुना धंदा आठवून स्टेशन पकडलं. बाई सांगत होती कापसाचे भाव.

मी वाजवायचं थांबवलं नाही. थांबवतो कशाला? पण समोर अशी शांतता पसरली की आमच्या कुठल्याही प्रोग्रॅमला पसरली नव्हती. कोणी खोकलंसुद्धा नाही. भाव संपले, बाई गेली, माझी धून उरली. तेवढ्यात मागून एक पागोटेवाला उठला. "ओ भाऊ! ते वाजवनं घडीभर बंद करा ना! अन् त्या बाईले म्हना, अकोटचा भाव परत एकदा सांग!"

टाळ्या पडल्या. बाईला.

मी सोबत आलेल्या रहीमभाईंवर चिडलो. ते शांतपणे बिडी विझवत म्हणाले, "देखो शरदभाऊ, व्हॉल्व्ह इंग्लंडचा, ट्रान्सफॉर्मर मुंबईचा, झाळकाम माझं. आता गलती कोन्या देशाची, तुमीच सांगा."

*

त्याच आवारातली गोष्ट. शेटजींना आपल्या पोरासाठी गिटार हवी होती. त्यांनी पितळी पट्टीवरून बोट फिरवलं आणि मला बाजूला घेतलं.

"माझा स्कूटरचा नंबर लागला आहे. पुढच्या महिन्यात गाडी येते. तुमच्या नावानं करून देतो. हे वाद्य मला द्या."

स्कूटर! लोक चार-चार वर्षं नंबर लावून बसतात. मी गिटार देणार नव्हतोच, फ्रान्सिसमास्तरांचा प्रोग्रॅम तोंडावर आला होता. पण खोटं पोटात ठेवून मला उभं राहवेना. म्हणालो, "शेटजी, पट्टी मशीनची आहे. गिटार जपानची."

शेटजींनी बोट उचललं. धोतराला पुसलं.

"मग राहू द्या. पोराला माउथ ऑर्गन घेऊन देईन."

तीच गिटार, त्याच तारा, मध्ये फक्त माझं एक वाक्य! परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत वासू एवढंच म्हणत होता, "काहून बोलला बे शऱ्या? तोंड उघडलं अन् स्कूटर गेली!"

*

आणि हा शेवटचा.

दिवाळी झाली. फ्रान्सिसमास्तरांच्या प्रोग्रॅमला दहा दिवस उरले आणि आईनं मला शेंदूरजनाघाटला मावशीकडे धाडलं. संत्र्याची तोड सुरू होती, मावशीचे यजमान आजारी होते. "कॉलेज नाही, काम नाही, निदान तिथे तरी जा." तिच्या या वाक्यावर मी पिशवी भरली. गिटार घरी ठेवली. आठ दिवस संत्री मोजताना मी सरावासाठी डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटावर दाबत बसायचो.

प्रोग्रॅमच्या आदल्या संध्याकाळी परत आलो तर काकांच्या टेबलावर गिटार. वर उपरणं टाकलेलं. शेजारी काका आणि देवगुरुजी, मुलगी दाखवायला बसल्यासारखे.

काकांनी उपरणं काढलं. "घे. आता कोणासमोरही ने."

माझ्या सहा खुंट्या गायब होत्या. त्यांच्या जागी आठ! नक्षीच्या, पांढऱ्या मुठींच्या. जुनी सहा भोकं सुतारानं लाकडाचा भुसा आणि सरस घालून बुजवली होती आणि त्यांना चिकटून नवी आठ पाडली होती.

"काका, तारा सहा आहेत."

"दोन राहू दे. जास्तीच्या."

"माझ्या खुंट्या कुठे?"

"तो जपानी पत्रा? भंगारवाल्याला दिला." गुरुजी पेचकस फिरवत म्हणाले, "या अस्सल जर्मन. मी स्वतः पाहिल्या."

मी ओरडणार होतो. शब्द तोंडात आले होते. तेवढ्यात भिंतीकडे लक्ष गेलं. तिथे आजोबांचं मेंडोलिन टांगलेलं असायचं. काका त्याला कोणाला हात लावू देत नसत, धूळसुद्धा स्वतः पुसत. ते अजून तिथेच होतं. पण तारा लोंबत होत्या आणि वरच्या बाजूला आठ रिकामी भोकं होती.

"माझ्या बाबांचं होतं," काका म्हणाले. "पण उद्या नागपूरवाल्यांसमोर तुझी मान खाली जायला नको."

मी ओरडलो नाही. तिथेच चुकलो.

रात्रीतून दुसऱ्या खुंट्या मिळणार नव्हत्या. लाकूड तडकेल या भीतीनं मी तारा अर्धा सूर उतरवून ठेवल्या आणि सकाळच्या गाडीनं अकोल्याला गेलो. काका आणि गुरुजी सोबत. नको म्हटलं तरी.

दुपारी तीन वाजता रिकाम्या थिएटरात ऑर्केस्ट्राचे अकराच्या अकरा लोक स्टेजवर बसले होते. समोर पहिल्या रांगेत फक्त काका आणि गुरुजी, दोघांच्याही टोप्या नव्या. मी तारांवर हात फिरवला. फ्रान्सिसमास्तरांनी आठ खुंट्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "अर्धा सूर उतरला आहेस. चढव."

मी पहिली तार चढवली. दुसरी चढवली. तिसरी, चौथी. पाचव्या तारेला कड् असा आवाज झाला. ॲम्प्लिफायर चालू होता, त्यामुळे तो आवाज थिएटरभर घुमला. गिटारीचं डोकं मानेपासून तुटलं आणि सहा तारांना लटकत माझ्या गुडघ्यावर येऊन आपटलं.

अकरा माणसं. एकही हसला नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग पहिल्या रांगेतून काका उठले. पायऱ्या न बघता स्टेजवर आले, वाकले, ते लोंबणारं लाकूड हातात घेतलं आणि एकेक खुंटी अंगठ्यानं हलवून पाहिली. आठच्या आठ. मग ते तुटकं डोकं फ्रान्सिसमास्तरांच्या नाकासमोर धरून, अख्ख्या ऑर्केस्ट्राला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"पाहा! लाकूड तुटलं, पण खुंटी एक तरी ढिली झाली का?"

ती जागा भंडाऱ्याच्या एका मुलाला मिळाली. कॉलेजनं मला परत घेतलं नाही.