नागावच्या महासभेतला प्याला

वाडीत ओला पाचोळा जाळल्याचा वास आला की मला नागावचं ते सभागृह आठवतं. देशभरातल्या आमच्या चर्चची महासभा त्या वर्षी तिथे भरली होती आणि चौलच्या छोट्या मंडळीची प्रतिनिधी म्हणून मी गेले होते. शेजारच्या नारळाच्या वाडीतला धूर खिडक्यांतून आत येत होता, सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते. उपासनेत मतांगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेची ठरलेली कबुली, सगळ्यांनी मिळून म्हणणं यापुढे ऐच्छिक करावं, असा ठराव होता. तो मांडला आमच्याच पाळकांनी, ज्यांनी माझ्या नवऱ्याला माती दिली होती. मी उठून म्हटलं, “माझ्या नवऱ्याच्या कबरेपाशी मला दुसरं काही सुचलं नव्हतं. मेलेले उठतील, ही मतांगीकारातली एवढीच ओळ म्हणत होते मी. ते ऐच्छिक कसं करता?” मतदानाला विरोधात मी आणि एक म्हातारे गृहस्थ, दोघंच उभे राहिलो. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मग प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त म्हणून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, सुरू झाला, पण मी जागची हलले नाही. पाळक प्याला घेऊन माझ्या खुर्चीपर्यंत आले आणि हळूच म्हणाले, “बाई, राग माझ्यावर आहे ना? मग हे का नाकारता?” मी मान फिरवली. ते प्याला घेऊन परत गेले. पुढच्याच महिन्यात ते हृदयविकाराने वारले. ठराव चुकीचा होता, असं मी आजही म्हणेन. पण त्या दिवशी मी नाकारलं ते त्यांना नव्हे, प्रभूला, हे मला तेव्हाच कळत होतं आणि तरीही मी मान फिरवली.