आवाज कमी करणारा गुरुराज

गुरुराज आमच्या वर्गातला सगळ्यात जुना विद्यार्थी. वय बेचाळीस, समज सहा-सात वर्षांच्या पोराची, असं त्याचे कागद सांगतात. मी कागदांवर फारसा विश्वास ठेवत नाही. बंगळूरच्या बनशंकरीतल्या एका हॉलमध्ये दर शनिवारी मी या मोठ्या मुलांना परदेशी कार्टून सिनेमांची गाणी ऐकवते आणि गाण्याचं बोट धरून त्यांना देश दाखवते. कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणाला दिसत नाही, पण जपानचा ढोल वाजला की सगळा हॉल डोक्यावर घेतात.

गुरुराजची एकच खोड. तो स्पीकरला खेटून बसायचा आणि गाणं रंगात आलं की हळूच बटण फिरवायचा. "स्वल्प कमी, अक्का." बाकीचे ओरडायचे. मी त्याला आवाजाचा कंजूष म्हणायचे. तो हसायचा, पण बटण काही सोडायचा नाही.

त्या शनिवारी मेक्सिकोची पाळी होती. तिकडे वर्षातून एकदा मेलेली माणसं घरी येतात, अशी श्रद्धा आहे. लोक त्यांचे फोटो मांडतात, झेंडू वाहतात, आवडीचं खायला ठेवतात. आपल्या पितृपक्षाची चुलतबहीणच म्हणा, फक्त तिथे गाणंबजावणं जोरात. मी सगळ्यांना आपापल्या माणसाचा फोटो आणायला सांगितलं होतं. सुप्रीतानं आजोबांचा आणला. गुरुराज रिकाम्या हातानं आला. त्याला सोडायला आलेला मोठा भाऊ रघुनंदन दाराशी उभा होता.

"आईचा फोटो नाही आणलास?" मी विचारलं. चंद्राबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी स्वतः घरी सांत्वनाला जाऊन आले होते.

"मेलेल्यांचाच आणायचा ना?" गुरुराज म्हणाला. "आई देवनहळ्ळीत आहे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. देवनहळ्ळी म्हणजे विमानतळाजवळचं गाव, आणि यांचं तिथे कुणी नाही.

"कुणी सांगितलं तुला?"

"अण्णानं." त्यानं दारातल्या भावाकडे बोट दाखवलं. "आई देवाच्या गावाला गेली म्हणाला."

कन्नडमध्ये हळ्ळी म्हणजे गाव. बस कंडक्टरच्या आरोळ्या ऐकत मोठ्या झालेल्या गुरुराजला ते कळणार नाही तर कुणाला? त्यानं शब्द नीट ऐकला होता, अर्थही नीट लावला होता. दोन वर्षं त्याची आई बसच्या वाटेवर राहत होती आणि एकदाही त्याला भेटायला आली नव्हती.

"मग ती येत का नाही रे?" मी भीतभीतच विचारलं.

"रागावली. मी टीव्ही मोठा केला होता. कार्टूनचं गाणं होतं. आई म्हणाली, आवाज कमी कर, नाहीतर मी निघून जाईन. मी नाही केला. उठलो तर आई नव्हती." तो स्पीकरकडे बघत म्हणाला, "आता करतो की कमी. तरी येत नाही."

मी रघुनंदनकडे वळले. "काय करून ठेवलंत हे?"

तो दारातून आत आला. "त्याला सोसायचं नाही असं वाटलं, अक्का. म्हणून तेव्हा चिकपेटला मावशीकडे ठेवला. फोटोसुद्धा लावला नाही घरात."

असल्या दयेचा मला संताप येतो. "सोसायचं नाही? त्याहून वाईट सोसत बसलाय तो! सांगा त्याला. आत्ता. देवाबिवाचं नाव न घेता."

रघुनंदन भावासमोर खाली बसला. "गुरू, आई देवनहळ्ळीत नाही. तू झोपलास आणि तिच्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलला नेली. ती मेली रे."

मी डोळे मिटून घेतले. आता हा कोसळणार, असंच मला वाटलं.

"मेली?"

"हो."

"रागावून नाही गेली?"

"नाही रे. नेताना म्हणाली, गुरूला उठवू नका, झोपू दे."

गुरुराज रडला. हुंदके देऊन रडला. मग त्यानं बाहीला नाक पुसलं, "सरी," म्हणजे बरं, म्हणाला आणि मला गाणं लावायला सांगितलं. मी लावलं. त्यानं बटण शेवटपर्यंत फिरवलं. खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या. बाहेरून कुणीतरी ओरडलं, आवाज कमी करा!

रघुनंदन उठला आणि त्यानं हॉलचं दार लावून घेतलं.