एकवीस हात

ईशान, रेवा,

तुमच्या शाळेने नदीवर फील्डवर्क ठेवलं आहे आणि 'आजी, प्लॅन कसा करायचा?' असं तुम्ही विचारलंत, म्हणून आजच लिहायला बसले. तक्ता वेगळा पाठवते. पण एक गोष्ट त्या तक्त्यात बसत नाही... भूतखेतांच्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आले. भूगोल शिकवणारी बाई मी — जे मोजता येतं ते खरं.

नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. मे महिन्यात बी.ए.च्या मुलींना घेऊन राळेगाव तालुक्यातल्या एका गावी विहिरींची पाणीपातळी मोजायला गेले होते. दोघी-दोघींची जोडी. एकीने वजन बांधलेला टेप विहिरीत सोडून आकडा ओरडायचा, दुसरीने लांब झाडाखाली वहीत लिहिताना तोच आकडा परत ओरडायचा. तो परत ऐकू येईपर्यंत पहिलीने जागचं हलायचं नाही. नियम माझाच.

सकाळी अकराची वेळ, सातवी विहीर. टेपवर वैशाली, वहीवर सुनंदा. मधे पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, उंच ढीग, त्यामुळे दोघी एकमेकींना दिसत नव्हत्या. नकाशात काहीतरी जुळेना, म्हणून मी सुनंदाला जीपजवळ बोलावून घेतलं. वैशालीला सांगायचं राहून गेलं.

थोड्या वेळाने धाडकन आवाज झाला. धावलो. विहिरीचा काठ ढासळून आत गेला होता. वैशाली चार हात मागे धुळीत बसलेली, आणि सुनंदावर भडकलेली.

"सुनंदे, हातात कायले सांगतं वं? मीटर सांग ना!"

"कोन्ता हात?"

"मी ओरडली, नऊ पॉइंट चार. तू किती वेळ बोललीच नाई. मी तशीच वाकून. मंग म्हन्तं, 'एकवीस हात... मांगं सरक वं पोरी.' म्हटलं, म्हातारीवानी आवाज काढून मस्करी करून राह्यली. सरकली, अन् काठ गेला."

"मी तं मॅडमजवळ होती. तुही शपथ!"

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. तिचे ओठ पांढरे पडले.

ढिगाच्या चहूबाजूंनी पाहिलं. नांगरलेली रिकामी शेतं, माणूस नाही. विहिरीचे मालक म्हणाले, "आवाज घुमते बाई तिच्यात." घुमत असेल... पण घुमलेला आवाज मीटरचे हात करत नाही.

घरी आल्यावर टेप पसरला आणि कोपरापासून मधल्या बोटापर्यंत माझ्याच हाताने नऊ पॉइंट चार मोजले. एकवीस भरले. तुमच्या आजोबांच्या हाताने वीसच.

ऊन, भीती, मागाहून रचलेली आठवण — सगळी कारणं लावून पाहिली. एकही पुरत नाही. आणि त्या आवाजापेक्षा मला दुसरंच जास्त टोचतं: नियम मी केला, मोडलाही मीच, आणि तो पाळत ती पोर ढासळत्या काठावर वाकून उभी राहिली. तुमच्या तक्त्यात पहिली ओळ मी हाताने लिहिली आहे — आकडा गेला तरी चालेल, पाय आधी मागे.

ती विहीर पुढे बुजवली. वैशाली आहे. दारव्ह्याला भूगोल शिकवते.