एकच तपासलेला गुरुजी

काशीत मरणाला न भिणारी माणसं पैशाला पासरी मिळतात. लोक मुद्दाम मरायला म्हणून इथे येऊन राहतात आणि वर्षानुवर्षं मजेत राहतात. पण मरण सोडून उरलेल्या सगळ्या गोष्टींना भिणारा माणूस या गावात एकच आहे, आणि तो माझा धाकटा दीर आहे. लग्न होऊन मी साताऱ्याहून आले, तेव्हा आम्हाला घ्यायला भाऊजी स्टेशनवर आले होते. नव्या वहिनीशी माणसानं पहिलं वाक्य काय बोलावं? "वहिनी, फलाटात आणि डब्यात जी फट असते, ती पाहिलीत का?" मी म्हटलं, पाहिली. "मी पण पाहिली," असं म्हणून त्यांनी घाम पुसला. तेव्हाच मी मनाशी म्हटलं, बाई गं, हे प्रकरण काही वेगळंच आहे.

भाऊजींचा जन्म गंगेच्या काठचा, पण जन्मात कधी नावेत बसलेले नाहीत. नावाडी त्यांना लहानपणापासून ओळखतात. दिसले की एखादा हटकून हाक मारतो, "का गुरू, आज बइठबा?" आणि भाऊजी लांबूनच हात जोडतात. कुकरची दुसरी शिट्टी झाली की ते स्वयंपाकघरातून बाहेर पडलेले असतात. गल्लीत बैल आडवा उभा असला की इथली पोरंसुद्धा त्याच्या पाठीवर थाप मारून पुढे जातात. भाऊजी मागे फिरून दुसऱ्या गल्लीने जातात, तिथे दुसरा बैल भेटला की तिसऱ्या. असं करत करत एकदा दूध आणायला निघालेले दशाश्वमेध घाटावर जाऊन पोचले आणि तिथून रिक्षाने घरी आले, दुधाशिवाय. माकडांचं तर विचारूच नका. गच्चीवरून इंटरनेटची तार येते आणि ती माकडं चावतात, हे अगदी खरं आहे. पण म्हणून रोज सकाळी केळी घेऊन गच्चीवर जाऊन "देखो भाई, एवढी तार सोडून बाकी काहीही खा," असं कोणी माकडांना विनवत नाही. भाऊजी विनवतात. निम्मं हिंदीत, निम्मं मराठीत, कारण माकडं कोणत्या मोहल्ल्यातून आली ते काय सांगावं, असं त्यांचं म्हणणं.

एवढ्या भित्र्या माणसानं पोटापाण्यासाठी करावं तरी काय? आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पौरोहित्य. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, अहिल्याबाई घाटावर बसून करायचे. भाऊजी लहानपणी सगळं शिकलेले, आवाजही गोड. पण पहिल्यांदा यजमानासमोर बसले आणि त्यांच्या डोक्यात आलं की, मृताचं नाव उच्चारताना आपल्या तोंडून चुकून दुसरंच नाव गेलं तर? तीळ, पाणी, पिंड, सगळं भलत्याच माणसाला पोचणार, आणि ज्याला पोचायचं तो उपाशी बसणार! झालं. पाचावर धारण बसली ती उठलीच नाही. ते घाटावरून उठले आणि थेट कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊन बसले. कॉम्प्युटरला पितर नसतात, एवढाच त्यांचा हिशेब. पुढे चांगली नोकरी लागली, घरी बसून जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत काम करू लागले. वाटलं, चला, एका भीतीतून तरी माणूस सुटला.

मामंजी अगदी उलटे. शांत, ठाम, आणि स्मरणशक्ती अशी की यजमान पायऱ्या उतरून येताना दिसला की त्याच्या आजोबांचं नाव आणि गोत्र मामंजी आपणच सांगायचे. येणारा माणूस तिथेच डोळे पुसायला लागायचा. मग एका सकाळी, नेहमीच्या यजमानासमोर हातात पळी धरून मामंजी थांबले. नाव आठवेना. यजमानाने सांगितलं, विधी झाला, पण घरी आल्यावर ते जेवले नाहीत. आठवड्याभरात पुन्हा तसंच झालं. घरात सगळे नेहमीसारखे वागत राहिले. भाऊजींनी मात्र मला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, "वहिनी, बाबांना जर नाव आठवलं नाही, तर लोक त्यांना काय म्हणतील?" कुकर चालू होता. तिसरी शिट्टी झाली तरी ते हलले नाहीत, तेव्हा मीही घाबरले.

त्यातून भाऊजींनी एक साइट बांधायला घेतली. यात्रेकरूने घरूनच विधी ठरवायचा, आपलं नाव, मृताचं नाव आणि गोत्र भरायचं, आणि विधीच्या वेळी गुरुजींनी फोन उघडला की सगळं मोठ्या अक्षरात समोर. मामंजींच्या सोबतच्या गुरुजींनाही त्यात घेतलं, म्हणजे ही सोय सगळ्यांसाठी आहे असं दिसावं. खरी सोय कोणासाठी होती ते भाऊजींना ठाऊक आणि मला.

आता जावामधली साइट म्हणजे काय, हे मला कोण सांगणार? पण भाऊजींना भीती बोलून दाखवायला कोणीतरी लागतंच, आणि घरात ऐकणारी मीच. पोळ्या लाटता लाटता मी ते ज्ञान मिळवलं. साइटच्या दाराशी असतं ते वेब फ्रेमवर्क. ते घाटावर आलेल्या यजमानाला उतरवून घेतं आणि त्याच्यासमोर एक गुरुजी बसवतं. गुरुजी म्हणजे ते काम करणारा जावाचा लहानसा तुकडा. पण गुरुजी आला म्हणून भागत नाही, त्याच्या हातात तीळ, दर्भ, तांब्या कोणीतरी द्यायला हवा. ते काम फ्रेमवर्क स्वतःही करू शकत होतं, पण भाऊजींना त्याचा भरवसा वाटेना. म्हणून त्यांनी त्या कामाला वेगळा कंटेनर आणला. ज्याला जे लागेल ते आयतं आणून हातात ठेवणारा, डिपेंडन्सी इंजेक्शन का काय म्हणतात तो. आणि इथेच त्यांची झोप उडाली. कारण आता घरात कर्ते झाले दोन. गुरुजीला बोलावणं कंटेनरने धाडलं, तर तो सगळी सामग्री घेऊन येणार. पण फ्रेमवर्कने सवयीप्रमाणे परस्पर बोलावलं, तर तो येणार रिकाम्या हातांनी.

"मग फ्रेमवर्कला सांगा ना, तू बोलावू नकोस, कंटेनरकडे माग," मी म्हटलं.

"सांगितलंय वहिनी. पण एखाद्या वेळी विसरलं तर? बाबा यजमानासमोर बसलेत, फोन उघडला, आणि कोरा!"

महिनाभर घरात हाच विषय. आमचे हे वैतागून जेवणाचं ताट उचलून दुसऱ्या खोलीत जाऊ लागले. शेवटी एके दिवशी भाऊजी हसतमुखाने आले. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं निश्चिंत कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी उपाय काढला होता. दर वेळी नवा गुरुजी बोलवायचाच नाही. नवा आला तर तो रिकामा येण्याची भीती. त्यापेक्षा साइट सुरू होतानाच कंटेनरकडून एक गुरुजी घडवून घ्यायचा, त्याच्या हातातली एकेक वस्तू तपासायची, आणि त्यालाच कायमचं बसवून ठेवायचं. "एकच गुरुजी. तपासलेला. सगळ्यांना तोच," असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. मीही खूश झाले. वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

पितृपंधरवडा लागला. त्या दिवसांत घाटावर पाय ठेवायला जागा नसते. भाऊजी रोज सकाळी घाटावर यायचे, पण सगळ्यात वरच्या पायरीवर, पाण्यापासून जेवढं लांब राहता येईल तेवढं, पिशवीत लॅपटॉप घेऊन बसायचे. मी मामंजींचं कोरडं धोतर आणि डबा घेऊन जायची. पहिले काही दिवस सगळं छान चाललं. मामंजी फोनकडे ओझरता कटाक्ष टाकायचे आणि नाव असं घ्यायचे की यजमानाला वाटावं, यांना सगळं तोंडपाठ आहे. वरून भाऊजी ते पाहायचे आणि त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

मग ती सकाळ आली. सोलापूरकडचे एक गृहस्थ बसले होते, निवृत्त मास्तर असावेत, वडिलांचं करायला आलेले. मामंजींनी स्वतःच्या हाताने दर्भाचं पवित्रक वळून त्यांच्या बोटात घातलं, फोन पाहिला, पळी उचलली आणि नाव घेतलं. गोत्र वसिष्ठ, नाव वामन.

मास्तरांचा हात तसाच राहिला. "गुरुजी, माझ्या वडिलांचं नाव दत्तात्रेय," ते म्हणाले. "आमचं गोत्र काश्यप. हे वामन कोण?"

आजूबाजूचे यजमान वळून पाहू लागले. मामंजींनी फोनकडे पाहिलं. फोनवर वामनच होतं. तो फोन समोर धरला असता तर कोणीही मान्य केलं असतं की गुरुजींचा यात काय दोष. त्यांनी तो पालथा घातला.

"माझं चुकलं," मामंजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "वय झालं. आता नावं लक्षात राहत नाहीत. आपण पहिल्यापासून करू."

ज्या वाक्यापासून त्यांना वाचवायला एवढा सगळा उपद्व्याप केला, ते वाक्य त्यांनी स्वतःच सबंध घाटासमोर बोलून टाकलं, मुलाची चूक झाकायला. मी वर पाहिलं तर भाऊजी जागेवर नव्हते. ते खाली येत होते. ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्यांवरून, गर्दीतून, जिथे जन्मात कधी उतरले नाहीत तिथे. चपला पाण्यात भिजल्या तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मास्तरांसमोर हात जोडून ते म्हणाले, "यांची चूक नाही. चूक माझी आहे. नाव मी चुकीचं दाखवलं." मास्तर बिचारे गोंधळून एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहू लागले.

मामंजींनी मान वर केली. "तू वर जा," ते हळूच म्हणाले, "इथे पाय घसरेल तुझा."

मग त्यांनी मास्तरांच्या बोटातलं पवित्रक काढलं. भलत्या नावाने सुरू झालेलं ते. गाठ सोडली, दर्भ बाजूला टाकला, जुडीतून नवा दर्भ घेतला आणि नवं पवित्रक वळायला बसले. हे मी हजारदा पाहिलं होतं, भाऊजींनी तर माझ्याहून जास्त. यजमान बदलला की पवित्रक नवं. एकाचं दुसऱ्याला चालत नाही, विधी संपला की गाठ सोडून टाकायचं. पौरोहित्याच्या घरात जन्मलेल्या पोराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. भाऊजी ते पाहत पाहत तिथेच पायरीवर मटकन बसले. साइटमधला तो तपासलेला, कायमचा बसवलेला गुरुजी एकच होता ना! घरी भाऊजींनी एकट्याने तो कितीदा चालवून पाहिला, पण तेव्हा यजमानही एकच असायचा. आज इकडे मामंजींनी फोन उघडला आणि त्याच क्षणी पलीकडे दुसऱ्या गुरुजींनी उघडला. त्या एकाच्याच हातात आधी दत्तात्रेय आले आणि लगेच त्यांच्यावर पलीकडच्या यजमानाचे वामन. भीतीपोटी त्यांनी सगळ्या गावाला एकच पवित्रक घातलं होतं.

त्यांनी गंगेच्या काठी, पाय पाण्यात सोडून, मांडीवर लॅपटॉप उघडला. त्या गुरुजीच्या पुढची एकच ओळ बदलली. प्रत्येक विनंतीला, म्हणजे दर वेळी कोणी फोन उघडला की, कंटेनरने नवा घडवायचा, सामग्रीसकट, आणि काम झालं की सोडून द्यायचा. तोवर मामंजींनी दत्तात्रेयांना पाणी दिलं होतं. मास्तरांचे डोळे भरले होते आणि जाताना त्यांनी दोघांनाही नमस्कार केला. घरी आल्यावर मामंजी पोटभर जेवले. आमटी चांगली झालीय म्हणाले.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. साइट चालू आहे, पण मामंजी घाटावर जात नाहीत. जाण्यासारखे राहिले नाहीत. संध्याकाळी पुढच्या खोलीत बसतात. भाऊजी काम आटोपून समोर येऊन बसले की ते त्यांच्याकडे ओळख नसल्यासारखं, पण यजमानाकडे पाहावं तसं अगत्याने पाहतात आणि विचारतात, "आपलं नाव? गोत्र?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझ्या हातातली वाटी खाली पडली. मला वाटलं, आता भाऊजी कोसळणार. त्यांनी मांडी नीट घातली, नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, गोत्र सांगितलं. "कुठून आलात?" "इथलाच, मंगला गौरी मोहल्ल्यातला." "अरे वा, म्हणजे आपलेच की," असं म्हणून मामंजी खूश झाले. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं. भाऊजींनी पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यांदाच विचारल्यासारखं. रोज असंच चालतं. बैल, माकडं, कुकर, सगळ्यांची भीती अजून तशीच आहे. मी एकदा न राहवून म्हटलं, "भाऊजी, याची नाही वाटत हो भीती?"

"वाटते ना वहिनी," ते म्हणाले. "पण सांगताना नाही वाटत."

मला मामंजींनी अजून विचारलेलं नाही. अजून "सूनबाई" म्हणूनच हाक मारतात. पण हल्ली त्यांचा चहा घेऊन जाताना दारातच माझा पाय अडखळतो. ते मान वर करून माझ्याकडे पाहतात, आणि ती हाक येईपर्यंत मी कप हातात धरून तशीच उभी राहते.